काफिला कोणी सुरू केला?

पहिल्या महायुद्धातल्या सागरी लढ्यावरच्या लोकप्रिय पुस्तकांत एक गोष्ट हमखास भेटते. १९१७ चा एप्रिल महिना. ब्रिटनकडे येणारी जहाजे जर्मन पाणबुड्या एकामागून एक बुडवत आहेत. लंडनमध्ये ॲडमिरल्टीतले, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयातले, श्रेष्ठी हातावर हात ठेवून बसले आहेत. व्यापारी जहाजांचा काफिला करून ती विनाशिकांच्या पहाऱ्यात आणावीत, ही साधी सूचना त्यांच्या गळी उतरत नाही. अखेर ३० एप्रिलला पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज स्वतः ॲडमिरल्टीत जातात, नौदलमंत्र्याच्या खुर्चीत बसतात, काफिल्याचा हुकूम सोडतात आणि ब्रिटन उपासमारीतून वाचतो.

या गोष्टीला दोन लेखण्यांनी आकार दिला. पहिली खुद्द लॉइड जॉर्ज यांची. १९३० च्या दशकात त्यांनी युद्धस्मृतींचे जाडजूड खंड लिहिले आणि त्यांत काफिल्याचे श्रेय उघडपणे स्वतःकडे घेतले. दुसरी वृत्तपत्रसम्राट लॉर्ड बीव्हरब्रुक यांची. खुर्चीचे ते दृश्य त्यांच्या १९५६ च्या पुस्तकातून सर्वत्र पसरले. मुलकी नेत्याने हटवादी सेनानींना वठणीवर आणले, हा कथेचा साचा कोणत्याही लोकशाहीतल्या वाचकाला आवडावा असाच आहे. सेनादलांवर लोकनियुक्त सरकारचा अंकुश हवा, हे मलाही मनापासून मान्य आहे. पण हे तत्त्व खरे आहे म्हणून त्याच्या समर्थनार्थ सांगितलेली गोष्ट खरी ठरत नाही. कालक्रम तपासला की ती कोसळते. शिवाय तिच्यामुळे काफिल्याला उशीर का झाला, हा खरा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आधी कालक्रम पाहू. जर्मनीने १ फेब्रुवारी १९१७ पासून निर्बंधरहित पाणबुडीयुद्ध पुकारले. दरमहा सहा लाख टन जहाजे पाच महिने बुडवली की ब्रिटन गुडघे टेकेल, असा जर्मन नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांचा हिशेब होता. फेब्रुवारीत पाच लाख टनांहून अधिक जहाजे बुडाली, मार्चमध्ये साडेपाच लाखांहून अधिक, आणि एप्रिलमध्ये आकडा साडेआठ लाख टनांच्या वर गेला. ॲडमिरल्टीत पाणबुडीविरोधी विभागाचे प्रमुख होते रिअर ॲडमिरल अलेक्झांडर डफ. काफिल्याची सविस्तर योजना मांडणारे त्यांचे टिपण २६ एप्रिलचे आहे. फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलाचे सर्वोच्च सेनाधिकारी, ॲडमिरल जॉन जेलिको यांनी त्यावर २७ एप्रिलला संमतीची सही केली. लॉइड जॉर्ज ॲडमिरल्टीच्या पायऱ्या चढले ते त्यानंतर तीन दिवसांनी.

पूर्वपक्षाकडे याला उत्तर आहे, आणि ते हलके नाही. पंतप्रधान ॲडमिरल्टीला भेट देणार हे युद्धमंडळाने २५ एप्रिललाच ठरवले होते. दुसऱ्याच दिवशी डफ यांचे टिपण तयार होते, हा योगायोग कसा मानायचा? साहेब येणार म्हटल्यावर कचेरीतल्या फायली हलू लागतात, हे कोणाला माहीत नाही? भेटीच्या बातमीने टिपणाला गती आली असेल, इतके मीही मान्य करतो. पण गती मिळणे वेगळे आणि निर्णय लादला जाणे वेगळे. डफ यांचे टिपण ज्या आकड्यांवर उभे आहे, ते गोळा करण्याचे काम आधीच चालू होते. स्कॅन्डिनेव्हियाच्या व्यापारासाठी काफिला हवा, ही शिफारस एप्रिलच्या सुरुवातीला ऑर्कनी बेटांवर लाँगहोपला भरलेल्या नौदल अधिकाऱ्यांच्या बैठकीतच झाली होती, आणि तिला ॲडमिरल्टीची मान्यता २५ तारखेच्या आधीच मिळाली होती. नंतर डफ यांनीही बाहेरच्या दडपणाची गोष्ट साफ नाकारली. हे त्यांचे स्वतःच्या बाजूचे म्हणणे झाले, म्हणून मी त्यावर फार भार टाकत नाही.

माझा भार आहे लॉइड जॉर्ज यांच्याच कागदावर. भेटीनंतर युद्धमंडळापुढे ठेवलेल्या अहवालात त्यांनी नोंदवले की या प्रश्नावर ॲडमिरल्टीचे आणि युद्धमंडळाचे मत आता पूर्णपणे जुळते आहे, काही मार्गांवर काफिले नुकतेच सुरू झाले आहेत, काहींवर त्यांची जुळवाजुळव चालू आहे, तेव्हा अधिक काही बोलण्याची गरज नाही. हुकूम सोडून आलेला माणूस असा अहवाल लिहीत नाही. आधीच झालेल्या गोष्टीवर समाधान व्यक्त करणारी ही नोंद आहे. त्या दिवशी जे घडले त्याची कल्पना यायची असेल, तर दीड दशकानंतरच्या आठवणीपेक्षा त्याच आठवड्यातला हा कागद मी अधिक विश्वासाचा मानतो.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पंतप्रधानांच्या बाजूची नाही. युद्धमंडळाचे सचिव मॉरिस हँकी यांनी काफिल्याच्या बाजूने लिहिलेले नेमके टिपण ११ फेब्रुवारीचे आहे. १३ फेब्रुवारीला सकाळच्या न्याहारीला लॉइड जॉर्ज यांनी जेलिको, डफ आणि नौदलमंत्री कार्सन यांना बोलावून त्यावर चर्चा केली. म्हणजे युक्तिवाद पंतप्रधानांच्या हाती फेब्रुवारीच्या मध्यालाच होता आणि अधिकार तर होताच. तरी पुढचे दहा आठवडे त्यांनी तो वापरला नाही. त्यांचे लक्ष फ्रेंच सेनापती नीव्हेल यांच्या फ्रान्समधल्या चढाईकडे होते. त्या दहा आठवड्यांत किती जहाजे गेली, ते वरच्या आकड्यांतच आहे.

एवढ्यावरून मी ॲडमिरल्टीचे वकीलपत्र घेतले आहे असे कोणी समजू नये. तिचा दोष मोठा आहे, फक्त तो गोष्टीत सांगतात तो नाही. जानेवारी १९१७ मध्ये तिने काढलेल्या पत्रकात पाणबुडीचा धोका असलेल्या भागात अनेक जहाजांनी एकत्र जाणे इष्ट नाही, असे स्पष्ट म्हटले होते. २३ फेब्रुवारीला दहा व्यापारी कप्तानांना बोलावून विचारले, तर तेही म्हणाले की आमच्या जहाजांना रांगेत जागा धरून चालणे जमणार नाही, आम्हांला एकट्यानेच जाऊ द्या. म्हणजे विरोध फक्त गणवेशवाल्यांचा नव्हता. दर्यावर उभे आयुष्य काढलेली माणसेही तेच सांगत होती.

आणि मग तो आकडा. ब्रिटिश बंदरांत दर आठवड्याला सुमारे २,५०० जहाजे येतात आणि तितकीच सुटतात, असे सरकार त्या काळात जाहीर करत असे. काफिल्याविरुद्धचा सर्वांत भक्कम मुद्दा यावरच उभा होता: इतक्या जहाजांना पहारा द्यायला विनाशिका आणायच्या कुठून? पण हा आकडा शंभर टनांवरच्या प्रत्येक होडीचा होता. किनाऱ्याने कोळसा वाहणाऱ्या बोटी, इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटी, एकाच बोटीचे आठवड्यातले चार-चार बंदरप्रवेश, सगळे त्यात मिसळलेले. देशाला धीर यावा आणि बुडालेल्या जहाजांचे प्रमाण क्षुल्लक वाटावे म्हणून तो तसा मांडला होता. दुर्दैव असे की लोकांसाठी तयार केलेला आकडा खुद्द ॲडमिरल्टीने आपल्या नियोजनात खरा धरला.

हे कोडे सोडवले एका कनिष्ठ अधिकाऱ्याने. कमांडर रेजिनल्ड हेंडरसन पाणबुडीविरोधी विभागात फ्रान्सच्या कोळसा-व्यापाराचे काम पाहत होते. उत्तर फ्रान्सच्या खाणी जर्मनांच्या ताब्यात गेल्यामुळे ब्रिटिश कोळशाशिवाय फ्रेंच कारखाने बंद पडले असते. म्हणून फेब्रुवारीपासून कोळशाची जहाजे ठरलेल्या वेळी, एकत्र, सशस्त्र ट्रॉलरांच्या सोबतीने खाडी ओलांडू लागली होती. काफिला हे नाव टाळून त्यांना ‘नियंत्रित फेऱ्या’ म्हणत. हजारो फेऱ्यांत बुडालेली जहाजे बोटांवर मोजण्याइतकी निघाली. हेंडरसन यांच्या मनात प्रश्न आला तो इथून. त्यांनी नौवहन मंत्रालयातल्या नॉर्मन लेस्ली यांच्याकडे जाऊन खरे आकडे काढले. महासागर ओलांडून येणारी मोठी जहाजे, ज्यांच्यावर ब्रिटनचे अन्न आणि कच्चा माल अवलंबून होता, ती आठवड्याला निघाली साधारण १२० ते १४०. दिवसाला वीसच्या आसपास. अशक्य वाटणारे काम एका दुपारच्या हिशेबात शक्यतेच्या कक्षेत आले.

अंकगणिताची चूक अशी पटकन दुरुस्त होते, म्हणून ती मूळ चूक नसावी असा माझा संशय आहे. मूळ चूक सिद्धान्ताची होती. ब्रिटिश नौदलाच्या मनावर ट्रफाल्गारचे राज्य होते. शत्रू शोधा, गाठा आणि बुडवा, हे खरे नौदलाचे काम. व्यापारी जहाजांसोबत संथ चालत राहणे हे बचावात्मक, म्हणून दुय्यम. विनाशिका गस्तीवर पाठवायच्या, पाणबुडी दिसली त्या पट्ट्याचा धांडोळा घ्यायचा, याला ते आक्रमण मानत. जून १९१७ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेला विनाशिका आणि पाणबुड्यांचा मोठा जथा लावून अशीच शिकार करून पाहिली. शत्रूच्या पाणबुड्या पुनःपुन्हा नजरेस पडल्या, पण एकही बुडाली नाही.

इतिहासाचा विसरही यात होता. नेपोलियनशी लढताना ब्रिटनने १७९८ मध्ये कायदा करून परदेशी जाणाऱ्या व्यापारी जहाजांना काफिल्यात जाण्याची सक्ती केली होती. ज्या काळातले विजय हे नौदल अभिमानाने सांगत असे, त्याच काळाची ही रोजची शिस्त होती. त्याहून आश्चर्याचे म्हणजे, १९१७ चे नौदल स्वतः काफिल्यातच चालत होते! जेलिको यांच्यानंतर ॲडमिरल बीटी यांच्या हाताखाली आलेला ग्रँड फ्लीट, म्हणजे ब्रिटनचा मुख्य ताफा, विनाशिकांच्या कड्याशिवाय बंदर सोडत नसे. सैन्य वाहणारी जहाजे पहाऱ्याशिवाय जात नसत. १९१६ पासून हॉलंडचा व्यापारही हार्विचच्या दलाच्या सोबतीने चालू होता. जे युद्धनौकांना आवश्यक मानले, ते गव्हाच्या जहाजाला निरुपयोगी का मानले, याचे उत्तर अंकगणितात सापडत नाही.

ज्युलियन कॉर्बेट हे त्या काळचे सर्वांत प्रगल्भ ब्रिटिश नौदल-चिंतक. त्यांनी १९११ च्या ग्रंथात मांडले की सागरी युद्धाचे लक्ष्य दळणवळणाच्या वाटांवर ताबा हे असते, शत्रूचे आरमार बुडवणे हा त्याचा एक मार्ग. या विचारातून काफिल्यापर्यंतचे अंतर एका पावलाचे आहे. पण नव्या काळात काफिल्याची गरज उरली आहे का, याबद्दल कॉर्बेट स्वतःच साशंक होते. काफिल्याला झालेल्या उशिराचा दोष मूर्ख ॲडमिरलांच्या डोक्यावर टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. उत्तम बुद्धीलाही तो सिद्धान्त चकवत होता. आणि युद्धानंतरही तो हटला नाही. कॉर्बेट यांनी लिहिलेल्या अधिकृत इतिहासाचा तिसरा खंड त्यांच्या मृत्यूनंतर १९२३ मध्ये निघाला, तेव्हा ॲडमिरल्टीने त्यात मुद्दाम नोंद छापली: लढाई शोधून ती निर्णायक करण्याचे महत्त्व कमी लेखण्याची या ग्रंथाची प्रवृत्ती आमच्या मतांच्या थेट विरुद्ध आहे. काफिल्याने ब्रिटनला तारून नेल्यानंतर सहा वर्षांनी हे छापले गेले.

आता मंडनाकडे येतो. काफिला का यशस्वी होतो? पहारा मिळतो म्हणून, असे बहुतेक जण सांगतील. ते अर्धेच खरे आहे. पहिले कारण समुद्राची विशालता. पाणबुडीवरून एकटे जहाज अंदाजे दहा मैलांवरून दिसते असे धरा. वीस जहाजांचा काफिला दोन मैल रुंद पसरलेला असेल, तर त्याच्या मध्यापासून तो दिसेल अकरा मैलांवरून. म्हणजे वीस जहाजे वेगवेगळी गेली तर पाणबुडीला वीस संधी, आणि एकत्र गेली तर जेमतेम एक. काफिला मोठे लक्ष्य ठरेल ही भीती भूमितीपुढे टिकत नाही. शिवाय ॲडमिरल्टीकडे जर्मन बिनतारी संदेश उलगडणारी ‘रूम ४०’ होती. पाणबुडी कुठे आहे हे कळले, तरी समुद्रात विखुरलेल्या शंभर जहाजांना वळवणे अवघड. काफिल्याला एका संदेशात वळवता येते. पुढे जर्मन पाणबुडीदलाचे प्रमुख झालेले कार्ल डोनिट्झ यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की काफिले सुरू झाल्यावर समुद्र एकाएकी ओसाड झाला. ते स्वतः ऑक्टोबर १९१८ मध्ये भूमध्य समुद्रात एका काफिल्यावर हल्ला करताना पाणबुडी गमावून ब्रिटिशांच्या कैदेत पडले.

दुसरे कारण पहाऱ्याचे. पाणबुडीला हल्ला करायचा तर काफिल्याजवळ यावेच लागते, आणि तिथे विनाशिका हजर असतात. अफाट समुद्रात शोधत फिरण्यापेक्षा शत्रूला जिथे यायलाच हवे तिथे वाट पाहणे, यात बचावात्मक काय आहे? पहारेकऱ्यांची संख्याही जहाजांच्या प्रमाणात वाढवावी लागत नाही, कारण रक्षण करायचे असते ते काफिल्याच्या परिघाचे. हे पूर्णपणे उलगडायला दुसरे महायुद्ध उजाडले. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने दाखवले की ऐंशी जहाजांच्या काफिल्याचा परीघ चाळीस जहाजांच्या काफिल्यापेक्षा फक्त एक-सप्तमांशाने मोठा असतो. म्हणजे मोठा काफिलाच अधिक सुरक्षित.

प्रत्यक्षात काय झाले? १० मे १९१७ ला जिब्राल्टरहून प्रायोगिक काफिला सुटला आणि एकही जहाज न गमावता ब्रिटनला पोहोचला. कप्तानांना जमणार नाही असे जे वाटत होते, ती रांग धरून चालण्याची शिस्त त्यांना उत्तम जमली. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या हॅम्प्टन रोड्सहून निघालेल्या काफिल्यातली दोन संथ जहाजे मागे पडली. त्यांतले एक बुडाले, काफिल्यात टिकलेली सगळी पोहोचली. अमेरिका ६ एप्रिलला युद्धात उतरली आणि तिच्या सहा विनाशिका ४ मे रोजी आयर्लंडच्या क्वीन्सटाउनला आल्या, त्याचा हातभार मोठाच. पण केवळ त्यामुळे काफिले शक्य झाले, हेही मला पटत नाही. ग्रँड फ्लीटजवळ आणि निष्फळ गस्तीवर विनाशिका होत्याच, प्रश्न होता त्या कुठे वापरायच्या याचा. ऑगस्टपासून बाहेर जाणाऱ्या जहाजांचेही काफिले निघू लागले. महासागरी काफिल्यांतून गेलेल्या जहाजांपैकी बुडालेल्यांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी राहिले, आणि वर्षअखेरीस मासिक नुकसान चार लाख टनांच्या आसपास उतरले. सगळे धोके काफिल्याने मिटले असे मात्र नाही. जून १९१७ मध्ये ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईजवळ बुडाले ते ‘वुल्फ’ या जर्मन जहाजाने पेरलेल्या सुरुंगाने, आणि सुरुंगावर इलाज वेगळाच असतो.

उशिराची किंमत कोणी मोजली, हे लंडनच्या खुर्चीभोवती फिरणाऱ्या गोष्टीत कधीच येत नाही. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांपाशी, डेकवर आणि खानसामे म्हणून हजारो हिंदी खलाशी होते, त्यांत रत्नागिरीचे होते, गोव्याचे होते. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सीमेन्स होममधले स्मारक पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे आहे. १९१७ च्या वसंतातल्या त्या आठवड्यांचा हिशेब करताना मला युद्धमंडळाच्या इतिवृत्ताइतकेच हे स्मारक महत्त्वाचे वाटते.

चुकीचे निदान टिकले की रोग परत येतो. दोष माणसांचा मानला, म्हणून सिद्धान्त तसाच राहिला. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने काफिले तत्परतेने सुरू केले, पण त्याच वेळी पाणबुड्यांच्या शिकारीला विमानवाहू जहाजे धाडली. १७ सप्टेंबरला ‘करेजस’ अशाच गस्तीवर असताना यू-२९ च्या पाणतीरांनी बुडाली आणि पाचशेहून अधिक माणसे गेली. तेव्हाचे नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल, शिकारी गस्तीचे उत्साही पुरस्कर्ते. मुलकी नेता शहाणा आणि सेनानी हटवादी, हा साचा इथे पार उलटा पडतो. १९४२ च्या पूर्वार्धात अमेरिकेने आपल्या पूर्व किनाऱ्यावर तीच चूक केली: पहारा कमी आहे म्हणून काफिला नाही, गस्त मात्र आहे. शेकडो जहाजे गेल्यावर मे महिन्यात किनारी काफिले सुरू झाले. मग मे १९४३ मध्ये चाळीसहून अधिक जर्मन पाणबुड्या एका महिन्यात नष्ट झाल्या, त्यांतल्या बऱ्याच काफिल्यांभोवतीच्या लढायांत, आणि डोनिट्झ यांना उत्तर अटलांटिकमधून माघार घ्यावी लागली. ज्याला बचावात्मक म्हणून हिणवले, त्याच पद्धतीभोवती पाणबुड्यांचा कणा मोडला.

लॉइड जॉर्ज यांना या प्रकरणात काहीच श्रेय द्यायचे नाही का? द्यायचे, पण ते ३० एप्रिलच्या खुर्चीचे नाही. डिसेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान होताच त्यांनी देशाच्या व्यापारी जहाजांचे नियंत्रण एका हाती आणण्यासाठी नवे नौवहन मंत्रालय उभे केले आणि ग्लासगोचे जहाजमालक जोसेफ मॅक्ले यांना त्याचे प्रमुख नेमले. कुठले जहाज कुठून कुठे, काय घेऊन, किती वेळा जाते, याची खरी नोंद त्या मंत्रालयात झाली. हेंडरसन आकडे मागायला नॉर्मन लेस्ली यांच्या टेबलाशी गेले ते तिथेच.